खोली तीन वाव

एका जंगलात, मुलांनो, झाडं गुडघाभर चिखलात उभी राहायची. ती खारफुटीची झाडं होती. दिवसातून दोनदा समुद्र त्या जंगलात यायचा आणि दोनदा निघून जायचा. येताना तो कुणाची परवानगी घेत नसे. दरबाराला ही गोष्ट फार खटकायची, पण समुद्राला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची, ते ठरत नव्हतं.

त्या जंगलात जिकडे पाहावं तिकडे पाणी होतं. पिण्यासारखं मात्र कुठेच नव्हतं. उन्हाळा लागला की उरलेली दोन डबकीसुद्धा खारट व्हायची. मग गोडं पाणी मिळे ते फक्त समोरच्या कासवबेटावर. तिथे खडकातून एक झरा वाहायचा.

म्हणून दर आठवड्याला एक होडी चाळीस मडकी घेऊन बेटावर जायची आणि भरून परत यायची.

जंगल आणि बेट यांच्यामध्ये पाण्याखाली वाळूचा एक दांडा होता. हा दांडा एका जागी बसत नसे. आज इथे दिसला, तर पुढच्या आठवड्यात तिथे. दरबारात त्याचे तीन नकाशे होते. तिन्ही सुंदर रंगवलेले होते आणि तिन्हींत दांडा वेगवेगळ्या ठिकाणी होता.

होडीचा तांडेल होता धाकू पाणमांजर. सुकाणू त्याच्या हातात असायचं. पण नुसत्या सुकाणूने होडी चालत नाही. आपण कुठे आहोत, तोंड कुठे आहे आणि खाली पाणी किती आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी धाकूकडे तिघं होती.

घार उंचावर फिरून सांगायची की होडी कुठवर आली. पारव्याला दिशा कळायच्या, तो होडीच्या पुढच्या टोकावर बसून तिचं तोंड कुठे वळलं ते सांगायचा. आणि हिरू खेकडा पाण्यात दोरी सोडून खोली मोजायचा. दोरीच्या टोकाला दगड होता आणि एकेका वावावर गाठ होती. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. तिथे हात पाणमांजराचे धरलेले असल्यामुळे वाव जरा आखूड होता, पण सगळ्यांचा सारखाच आखूड असल्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

हिरू अशी मोजणी करायचा की होडीच्या तळाखाली किती वाव पाणी उरलंय ते बरोबर कळायचं. एक वाव उरलं की दांडा जवळ आला, असं समजायचं.

ही तिघं एकाच वेळी बोलायची. घार वरून, पारवा समोरून, हिरू खालून.

"बेट मागे राहिलं."

"तोंड पश्चिमेला. पश्चिमेला. जरासं उत्तरेला."

"चार वाव. साडेतीन. तांडेल, डावीकडे घे, खाली वाळू गार लागतेय."

त्या गोंगाटात धाकू शांतपणे बसलेला असायचा. कोण बोलतंय ते त्याला आवाजावरून कळायचं. पारवा सतत बोलायचा, म्हणून धाकू त्याच्याकडे पाच वेळा दुर्लक्ष करून सहाव्यांदा ऐकायचा. घारीचा आवाज कर्कश झाला की काहीतरी दिसलंय. आणि हिरूचा आवाज जाड झाला की शब्द ऐकायच्या आधीच धाकूचा हात सुकाणूवर वळायचा.

हे कसं जमतं, असं कुणी विचारलं तर धाकूला सांगता येत नसे. "जमतं," एवढंच तो म्हणायचा. मुलांनो, ज्याला आपलं काम समजावून सांगता येत नाही, त्याच्याकडे दरबाराचं लक्ष आज ना उद्या जातंच.

एकदा दिवाणसाहेब होडीत बसले. दिवाण होते बगळेसाहेब. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, डोळे अर्धे मिटलेले. ते काही करत नसले तरी फार मोठा विचार करत आहेत असं वाटायचं. होडी मध्यावर आली आणि तिघांचा गोंगाट सुरू झाला. बगळेसाहेबांनी दुसरा पायसुद्धा खाली टेकवला.

"तांडेल, हे काय चाललंय?"

"होडी चाललीय, साहेब."

"तीन जण एकाच वेळी बोलतायत."

"तीन गोष्टी एकाच वेळी होतायत ना, साहेब."

"आमच्या दरबारात एका वेळी एकसुद्धा बोलत नाही," बगळेसाहेब म्हणाले. "आणि तरी राज्य चालतंय."

परत आल्यावर त्यांनी समिती नेमली. समिती अभ्यासासाठी एका दूरच्या तळ्यावर गेली. त्या तळ्यात होडी नव्हती, पण कमळं फार छान होती. समितीने अहवाल दिला की तिघांचे आवाज एकत्र करून त्यांचा एकच आवाज बनवावा आणि तांडेलाने तेवढाच ऐकावा.

या कामासाठी राघोपंत पोपटाची नेमणूक झाली. राघोपंतांना कुठलाही आवाज एकदा ऐकून जसाच्या तसा म्हणता यायचा. त्यांनी आयुष्यात स्वतःचं एकही वाक्य म्हटलेलं नव्हतं. समितीच्या मते हीच त्यांची मोठी पात्रता होती.

होडीच्या मध्यभागी राघोपंतांसाठी खांब उभारला. तिघांनी राघोपंतांना सांगायचं आणि राघोपंतांनी तांडेलाला. धाकूने तिघांपैकी कुणाचंही परस्पर ऐकायचं नाही. कच्चा आवाज चुकून कानात जाऊ नये, म्हणून त्याच्या कानांत शेवरीचा कापूस घालायचं ठरलं. राघोपंत मागे वळून थेट त्याच्या तोंडासमोर मोठ्याने बोलायचे, त्यामुळे कापसातूनही त्यांचं तेवढं ऐकू येई.

नियम समजावून सांगायला बगळेसाहेबांनी सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावलं.

"बोलताना आधी स्वतःचं नाव सांगायचं," ते म्हणाले. "मग माहिती. आणि शेवटी आपण किती शब्द बोललो तो आकडा."

"तो आणि कशाला?" हिरूने विचारलं.

"समुद्रावर वारा असतो. एखादा शब्द उडून जातो. राघोपंत शब्द मोजतील. तुझा आकडा आणि त्यांचा आकडा जुळला, की संदेश शुद्ध. नाही जुळला, तर काहीतरी उडालंय. असा संदेश पुढे जाणार नाही."

मुलांनो, हा नियम वाईट नव्हता. अर्धंमुर्धं ऐकून वळण्यापेक्षा न वळलेलं बरं, असं कधीकधी असतं. हिरूलासुद्धा ते पटलं.

"पुढे गेला नाही, तर मला कळवणार ना?" त्याने विचारलं.

"कळवत बसलं तर वाद होतात," बगळेसाहेब म्हणाले. "राघोपंत तुझा आधीचा शुद्ध संदेश पुन्हा म्हणतील. होडीत शांतता पसरली की प्रवासी घाबरतात."

मग चाचणी झाली. ती किनाऱ्यावर कोरड्या वाळूतच झाली, कारण बगळेसाहेबांना दुपारी दरबार होता.

पारवा म्हणाला, "पारवा, तोंड उत्तरेला आहे. चार."

घार म्हणाली, "घार, बेट समोर आहे. चार."

हिरू म्हणाला, "हिरू, खोली सहा वाव. चार."

तिन्ही संदेश शुद्ध निघाले. हिरू वाळूत उभा राहून सहा वाव म्हणाला होता, पण शब्द बरोबर चार होते. समितीने टाळ्या वाजवल्या.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण ती त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हती.

खेकडे पायांवर मोजतात. नांग्या धरून त्यांना दहा पाय असतात आणि प्रत्येक पायाला जन्मापासून नंबर असतो. हिरूचा पाचवा पाय मागे एकदा खडकाच्या फटीत अडकला, तेव्हा तो पाय तिथेच सोडून हिरू निसटला होता. खेकड्याचा पाय पुन्हा उगवतो, पण सावकाश. आणि पाय नसला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. वर्गातली एखादी मुलगी शाळा सोडून गेली तरी हजेरीत तिचा नंबर वर्षभर तिचाच राहतो ना, तसं.

म्हणून हिरू मोजायचा ते असं: एक, दोन, तीन, चार, सहा, सात, आठ. चार शब्दांपर्यंत त्याची मोजणी कधीच चुकत नसे. पाचव्या शब्दाला चुकली नाही, असंही कधी होत नसे.

साधं सगळं ठीक असेल तर चार शब्द पुरतात. काळजीचं काही असेल तर मात्र माणूस, म्हणजे खेकडा, दोन शब्द जास्त बोलतो.

नवी व्यवस्था सुरू व्हायची होती तो दिवस कडक उन्हाचा होता. मागच्या फेरीचं पाणी दोन दिवसांपूर्वीच संपलं होतं. किनाऱ्यावर सकाळपासून रांग लागली होती. रांगेत पहिली होती सगुणा ससीण. तिची चार पिल्लं पंधरा दिवसांची होती. सगुणाला पाणी मिळालं नव्हतं, म्हणून तिला दूध येत नव्हतं. पिल्लं रडायचीसुद्धा थांबली होती.

तिने आपलं मडकं धाकूच्या हातात दिलं.

"धाकूमामा, आज उशीर नको करू."

"भरतीबरोबर जातो, भरतीबरोबर येतो."

"संध्याकाळपर्यंत कशीतरी काढतील ही. पुढचं मला सांगता येत नाही."

धाकूने पिल्लांकडे पाहिलं. मग तिचं मडकं त्याने इतर मडक्यांत न ठेवता आपल्या पायाशी ठेवलं.

जाताना काहीच झालं नाही. होडी रिकामी होती, भरती पुरेशी होती. राघोपंत खांबावरून एकामागून एक शुद्ध संदेश म्हणत होते आणि बगळेसाहेब धाकूच्या शेजारी एका पायावर उभे राहून मान डोलावत होते.

बेटावर मडकी भरून झाली. धाकू निघायची घाई करू लागला.

"थांब," बगळेसाहेब म्हणाले. "उद्घाटन आहे."

"कशाचं?"

"व्यवस्थेचं."

"ती तर चालू झाली ना, साहेब?"

"चालू झालीय. पण उद्घाटन झालेलं नाही."

बगळेसाहेबांचं भाषण सुरू झालं, तेव्हा पाणी झऱ्याच्या पायरीला लागलं होतं. भाषण संपलं, तेव्हा चार पायऱ्या कोरड्या झाल्या होत्या. ओहोटीने कुणाचीही वाट पाहिली नव्हती. भाषणाचा शेवटचा भाग सागराचे आभार मानण्याचा होता.

भरलेली होडी जड झाली होती आणि पाण्यात खोल बसली होती. धाकूने कानांत कापूस घातला आणि सुकाणू धरलं.

"पारवा, तोंड पश्चिमेला आहे. चार."

"तोंड पश्चिमेला आहे," राघोपंत म्हणाले.

"घार, बेट मागे राहिलं. चार."

"बेट मागे राहिलं."

"हिरू, खोली तीन वाव. चार."

"खोली तीन वाव."

सगळं छान चाललं होतं. घारीला वरून पाण्याखाली फिकट पिवळा पट्टा दिसत होता. पूर्वी तिने तो ओरडून सांगितला असता. पण आता तिचा विषय होडी कुठे आहे एवढाच होता. पाण्याखालचं हिरूकडे दिलेलं होतं. दुसऱ्याच्या विषयात बोलणं तिला बरं दिसलं नाही.

हिरूने पुन्हा दोरी सोडली. दगड लवकर टेकला.

"हिरू, खोली दोन वाव, उतरतंय. सहा."

राघोपंतांनी शब्द मोजले. पाच होते. त्यांनी खांद्यावरचं एक पीस चोचीने नीट केलं आणि म्हणाले, "खोली तीन वाव."

हिरूला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. त्याने दोरी ओढून पुन्हा सोडली.

"हिरू, खोली एक वाव, वाळू लागतेय. सात."

राघोपंतांनी मोजले. सहा होते.

"खोली तीन वाव."

"अहो पंत, मी एक म्हटलं."

या वाक्यात ना सुरुवातीला नाव होतं, ना शेवटी आकडा. राघोपंतांनी ते मोजलंसुद्धा नाही.

"पंत, निदान का नाही सांगितलंत ते तरी सांगा."

राघोपंतांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. हे नियमात नव्हतं, पण ते मुळात वाईट पक्षी नव्हते. "तुझे शब्द सहा, आकडा सात."

"मग तुम्ही सहा धरा."

"धरायचा अधिकार मला नाही."

"पण तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण मला मिळालं नाही."

हिरूने घाईघाईने पायांवर पुन्हा मोजलं. पुन्हा सातच आले. त्याने दोरी सोडली. हातभरसुद्धा गेली नाही. आता त्याचा आवाज जाड झाला, जसा पूर्वी व्हायचा.

"हिरू, खोली अर्धा वाव, डावीकडे वळवा लवकर. आठ."

सात होते.

"खोली तीन वाव," राघोपंत म्हणाले. ते प्रत्येक वेळी तितक्याच स्वच्छ आवाजात म्हणत होते. तीन वाव पाण्यात जो आवाज होता तोच आवाज अर्ध्या वावातही होता. आवाजाच्या बाबतीत त्यांच्यात खोट काढता आली नसती.

पण कापूस कितीही असला तरी जाड आवाज थोडासा आत जातोच. धाकूला शब्द कळले नाहीत. नुसतं काहीतरी कळलं. त्याचा हात सुकाणूवर आपोआप वळू लागला.

"साहेब," तो म्हणाला, "हिरू काहीतरी सांगतोय."

"तो प्रक्रियेत आहे," बगळेसाहेब त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले.

"त्याचा आवाज जाड झालाय."

"आवाजाचा जाडेपणा मोजायची सोय नाही. राघोपंत काय म्हणतात?"

"तीन वाव."

"मग तीन वाव. तू कच्च्या आवाजावर वळलास आणि काही झालं, तर उत्तर तुला द्यावं लागेल. सरळ गेलास आणि काही झालं, तर व्यवस्थेला."

धाकूने पायाशी ठेवलेल्या मडक्याकडे पाहिलं. मग त्याने बगळेसाहेबांकडे पाहिलं. त्याचं वय झालं होतं. ही होडी गेली तर त्याला दुसरी मिळणार नव्हती. तो एवढाच विचार करत होता, फार नाही, दोन श्वासांपुरता. आणि हात सुकाणूवर तसाच थांबला.

होडीच्या तळातून खरखर ऐकू आली. मग होडी थांबली. पण मडकी थांबली नाहीत. ती सगळी पुढे गेली.

मडक्यांचा फुटण्याचा आवाज संपायला थोडा वेळ लागला.

तेव्हा हिरूने दोरी सोडली. दगड जागेवरच राहिला. त्याच्या अंगातलं सगळं बोलणं संपलं होतं.

"हिरू," तो म्हणाला, "खोली शून्य वाव. चार."

राघोपंतांनी मोजले. चार होते. त्यांचा चेहरा उजळला.

"खोली शून्य वाव," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"बघ," बगळेसाहेब धाकूला म्हणाले. "आला की नाही संदेश?"

ओहोटी उतरत गेली आणि दांडा उघडा पडला. किनाऱ्यापासून तो फार दूर नव्हता. रांगेतले प्राणी चिखल तुडवत होडीकडे आले. सगळ्यात पुढे सगुणा होती. तिने पिल्लांना सुकलेल्या गवताच्या टोपलीत घालून ओढत आणलं होतं.

चाळीसपैकी पाच मडकी शाबूत होती. सगुणाचं त्यांत नव्हतं. होडीच्या तळात मात्र घोटाभर गोडं पाणी साठलं होतं, खापऱ्यांनी आणि लाकडाच्या काटक्यांनी भरलेलं. कुठल्याशा फटीतून समुद्राचं पाणी त्यात हळूहळू मिसळत होतं.

"त्याला हात लावू नका," बगळेसाहेब म्हणाले. "पंचनामा व्हायचाय."

हिरूने ते ऐकलं की नाही, माहीत नाही. त्याने एक खोलगट खापरी उचलली, त्यात पाणी भरलं आणि सगुणाला दिली. ती प्यायली. त्याने पुन्हा भरली. ती पुन्हा प्यायली. धाकूने कानांतला कापूस काढला, त्यातून पाणी गाळलं आणि एकेका पिल्लाच्या तोंडात पिळलं. तीन पिल्लांनी तोंड हलवलं. चौथ्याने बऱ्याच वेळाने हलवलं.

मग बाकीचे प्राणी वाकले. पंचनाम्याला पाणी उरलं नाही.

चौकशी तिथेच वाळूवर झाली. राघोपंतांनी सगळे संदेश जसेच्या तसे म्हणून दाखवले, कारण त्यांना ते पाठ होते. त्यावरून हिरूची मोजणी पाचव्या शब्दाला चुकते, हे समितीच्या लक्षात आलं. हिरूला पाय पुढे करायला सांगितलं. पाचव्या पायाची जागा रिकामी होती.

"हे आधी का नाही सांगितलंस?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"कुणी विचारलं नाही," हिरू म्हणाला. "आणि पूर्वी खोली सांगायला पाय मोजावे लागत नव्हते."

बगळेसाहेबांनी निष्कर्ष वाचून दाखवला. आज एकूण दोनशे अकरा संदेश आले. त्यांतला एकही चुकीचा संदेश तांडेलापर्यंत पोचू दिला गेला नाही. व्यवस्था पूर्णपणे यशस्वी ठरली आहे. होडी रुतली याचं कारण वाळू आहे. हिरूने पाय उगवेपर्यंत चार शब्दांतच बोलावं.

"काही विचारायचंय कुणाला?" ते म्हणाले.

कुणी विचारत नसतं अशा वेळी. पण सगुणाने कान वर केले.

"राघोपंत, मी तिकडे किनाऱ्यावर होते. वाऱ्यावर मला हिरूचं ऐकू येत होतं. अर्धा वाव म्हणाला, डावीकडे वळवा म्हणाला. मला ऐकू आलं, आणि मी रांगेत उभी होते. मग तुम्ही ते का नाही सांगितलंत?"

राघोपंतांनी तोंड उघडलं. पण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यासमोर आधी कुणी म्हटलेलं नव्हतं, म्हणून ते त्यांना म्हणता आलं नाही.

"तू अधिकृत ऐकणारी नाहीस," बगळेसाहेब म्हणाले आणि कामकाज संपलं.

पुढची फेरी चार दिवसांनी निघाली. घाईने कच्ची मडकी भाजून घेतली होती. होडीत बगळेसाहेब होते, राघोपंत खांबावर होते, धाकूच्या कानांत नवा कापूस होता. आणि धाकूच्या पायाशी, मडक्यांच्या मध्ये, सगुणा बसली होती.

"ही कोण?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"मडकी धरायला घेतलीय, साहेब. आपटू नयेत म्हणून."

"तिला काही ऐकायची परवानगी नाही."

"तिला कशाचीच परवानगी नाही, साहेब. नुसती बसलीय."

बगळेसाहेबांना त्यात नियमाविरुद्ध काही सापडलं नाही. त्यांनी वहीत लिहिलं, ससीण एक, मडक्यांसोबत.

येताना पुन्हा ओहोटी लागली, कारण बेटावर यशाबद्दल छोटासा समारंभ होता. होडी दांड्याजवळ आली.

"हिरू, खोली दोन वाव," हिरूने चार शब्द म्हटले आणि आकडा सांगायच्या आधी जरा खाकरला. खाकरण्याला शब्द धरायचा की नाही, यावर नियम काही म्हणत नव्हते. "चार."

"खोली दोन वाव," राघोपंत म्हणाले, स्वच्छ आवाजात.

पण सगुणाने ते ऐकलं नाही. तिने खाकरणं ऐकलं. तिचे लांब कान होडीच्या टोकाकडे वळले आणि तिने मागचा पाय धाकूच्या पावलावर एकदा आपटला. धाकूचा हात डावीकडे वळला. पुन्हा हिरू जाडसर खाकरला. पुन्हा पाय आपटला. दांड्याचं पिवळं टोक उजव्या बाजूने सरकत मागे गेलं.

"तांडेल, होडी का वळली?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"पाय झोपला होता, साहेब. तो हलवला."

चाळीसच्या चाळीस मडकी किनाऱ्याला लागली. सगुणाने आपलं मडकं उचललं आणि ती कुणाशी न बोलता बिळाकडे पळाली. चारी पिल्लं बिळाच्या तोंडाशीच होती. त्यातलं चौथं सगळ्यात आधी तिच्या अंगावर चढलं.

त्यानंतर महिनाभर एकही मडकं फुटलं नाही. राघोपंतांचा दरबारात सत्कार झाला. ही व्यवस्था आता बैलगाड्यांना आणि घोड्यांनाही लावावी, असं समितीने सुचवलं. अहवालात फेऱ्यांची संख्या होती, मडक्यांची संख्या होती, शुद्ध संदेशांची संख्या होती. ससिणीच्या नोंदीचं पान तेवढं काढून टाकलं होतं. नुसती बसणारी एक ससीण दर फेरीला फुकट नेणं योग्य नाही, असा शेरा मारून.

तरी पुढच्या फेरीला धाकूने तिला घेतलंच. या वेळी तो म्हणाला की ती मडकं आहे.

तात्पर्य: मुलांनो, नुसतं खरं बोलून भागत नाही. खरं नेहमी चार शब्दांत बोलावं. बातमी वाईट असेल आणि चार शब्दांत बसत नसेल, तर होडी वाळूत रुतेपर्यंत धीर धरावा. मग ती बातमी आपोआप बसते.